दुय्यम विषयाची निवड : कर्जत–खालापूरच्या संदर्भात एक विवेचन

'मेजर' आणि 'मायनर' हे दोन शब्द महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आता इतके रूढ झाले आहेत, की त्यांस मराठी प्रतिशब्द असावेत असे विद्यार्थ्यांस वाटेनासे झाले आहे. परिपत्रके मराठीत काढावयाची असल्यामुळे प्रतिशब्द मात्र करावेच लागतात. आणि ते करताना पहिल्याचे 'मुख्य' होते, तर दुसऱ्याचे कोठे 'गौण', कोठे 'दुय्यम', कोठे 'उपविषय' असे होते. यांपैकी 'गौण' हा शब्द सर्वांत अनर्थकारक होय. जे गौण ते वगळले तरी चालते, अशी मराठी वाचकाची सहज समजूत असते, आणि विषयाची निवड त्याच समजुतीने होऊ लागते. प्रस्तुत विवेचनात 'दुय्यम' हा शब्द त्याच्या मूळ फारसी अर्थाने, म्हणजे केवळ 'दुसरा' या अर्थाने, योजला आहे. हा अर्थ मराठीत अगदीच लोपलेला नाही. कर्जतसारख्या तालुक्यात ज्याच्या सहीवाचून जमिनीचे खरेदीखत पुरे होत नाही तो अधिकारी 'दुय्यम निबंधक'च असतो, आणि त्याचे काम गौण आहे असे तेथील कोणी म्हणणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुरोधाने महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी पदवी अभ्यासक्रमांचा श्रेयांक-आराखडा ठरविणारा निर्णय काढला. स्वायत्त महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी २०२३–२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून सुरू झाली. या आराखड्यात दुय्यम विषयाला १८ ते २० श्रेयांक दिले असून ते पहिल्या तीन वर्षांत पुरे करावयाचे आहेत. तीन वर्षांच्या पदवीस एकूण १२० ते १३२ श्रेयांक लागतात. म्हणजे दुय्यम विषयाचा वाटा शेकडा पंधराच्या आसपास येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी आराखड्यात हाच वाटा १२० पैकी २४ श्रेयांक, म्हणजे एकपंचमांश, धरला होता. महाराष्ट्राने तो थोडा उतरविला, कारण इतर अनेक सदरांना जागा करून द्यावयाची होती. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन, आणि प्रात्यक्षिक असल्यास तीस तास, असा सर्वसाधारण हिशेब आहे. त्यानुसार दुय्यम विषयाच्या वाट्याला किमान २७० ते ३०० तास येतात. एखादी नवी लिपी वाचावयास, संख्याशास्त्राची प्राथमिक साधने हाताळावयास किंवा नकाशा वाचावयास शिकण्यास एवढे तास पुरतात. एखाद्या विषयाचा इतिहास, सिद्धांत, पंथ आणि वाद हे सर्व धावत पाहावयाचे ठरविले, तर मात्र ते कशासच पुरत नाहीत. हा भेद पुढील विवेचनास उपयोगी पडणार आहे.

येथेच एक घोटाळा दूर करावयास हवा. त्याच आराखड्यात 'खुला वैकल्पिक विषय' असे आणखी एक सदर आहे. तो विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच असावा असे बंधन आहे. दुय्यम विषयावर तसे बंधन नाही. तो त्याच शाखेतील वेगळा विषय असू शकतो किंवा सर्वस्वी परक्या शाखेतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याने भूगोल घेतला तरी चालते आणि वनस्पतिशास्त्र घेतले तरी चालते. खुला विषय म्हणजे शेजारच्या घरी एकदा डोकावून येणे; दुय्यम विषय म्हणजे तेथे काही काळ बिऱ्हाड करणे. विद्यार्थी पुष्कळदा या दोहोंची निवड एकाच प्रकारे, म्हणजे प्रवेशाच्या खिडकीपुढे उभे राहून, पाच मिनिटांत करतात.

मुख्य विषयाला दुसऱ्याची जोड असावी हा विचार काही नवा नाही. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या बी.ए. परीक्षेत तृतीय वर्षाच्या सहाही प्रश्नपत्रिका एकाच विषयाच्या घेता येत, किंवा तीन-तीन अशा दोन विषयांत वाटून घेता येत. दोन विषय घेणारा विद्यार्थी कमी दर्जाचा, असा एक अबोल समज तेव्हाही होता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट (१८६९–१९०९) यांनी विद्यार्थ्यास जवळजवळ संपूर्ण मोकळीक दिली. त्यांचे उत्तराधिकारी लॉवेल यांनी त्या मोकळिकीला आवर घातला आणि काही विषय एकत्र गुंफून खोलवर व काही विखरून घ्यावेत अशी रचना आणली. मुख्य व दुय्यम विषयांच्या आजच्या मांडणीचे एक मूळ त्या दुरुस्तीत आहे. केवळ मोकळीक दिल्याने शिक्षण व्यापक होत नाही, हे त्या संस्थेला चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळले. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला; तो अहवालातच अधिक राहिला.

मग निवड कोणत्या तत्त्वावर करावयाची? विद्यार्थ्याची आवड हे एक उत्तर दिले जाते. आवड नसेल तर शिकणे होत नाही हे खरे. परंतु सतराव्या-अठराव्या वर्षी जो विषय कधी पाहिलाच नाही त्याची आवड असणार तरी कशी? नोकरी हे दुसरे उत्तर. तेही टाकाऊ नाही. पण सहा सत्रांनंतर बाजारात कशाला मागणी असेल याचे भविष्य अर्थशास्त्राचे प्राध्यापकही छातीठोकपणे सांगत नाहीत. अधिक भरवशाचा प्रश्न वेगळाच आहे. मुख्य विषय ज्या प्रकारचा पुरावा ओळखतो त्या पुराव्याने कोणता प्रश्न सुटत नाही, हे पाहावे. आणि तो सुटण्यास पुराव्याची जी दुसरी रीत लागेल ती ज्या विषयात शिकविली जाते, तो दुय्यम म्हणून घ्यावा. दुय्यम विषयाकडून माहितीपेक्षा रीत मागावी, कारण माहिती पुढेही मिळविता येते. रीत मात्र कोणीतरी हाताला धरून, चुका दाखवीत शिकवावी लागते, आणि तीनशे तास त्यासाठीच असतात.

हे तत्त्व हवेत राहू नये म्हणून ते एखाद्या भूप्रदेशावर घासून पाहणे बरे. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके त्यासाठी फार सोयीचे आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या दोन तालुक्यांत डोंगर, भातशेती, आदिवासी वाड्या, लोहमार्ग, जलविद्युत, कारखाने आणि मुंबईकरांची विश्रांतिगृहे अशा सर्व गोष्टी थोडक्या अंतरात एकवटल्या आहेत. कर्जत व खोपोली येथे मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. आणि कर्जत तालुक्यातच जामरुंग येथे विजयभूमी हे खाजगी विद्यापीठ आहे, ज्याने मुख्य व दुय्यम विषयांची सांगड हेच आपल्या रचनेचे अंग मानले आहे. एकाच तालुक्यात एकच कल्पना अशा दोन अगदी भिन्न परिस्थितींत नांदत आहे.

प्रथम इतिहासाच्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्यावे. कर्जतपासून जवळ, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या काळातील मानले जाते. दर्शनी भागावर एका मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख असून त्यात कण्ह याचा शिष्य बलक याचे नाव कर्ता म्हणून आले आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून या लेण्यांचा काळ व प्रकार कळतो. परंतु तो लेख समोर असता तो वाचता न येणे आणि दुसऱ्याने दिलेले वाचन मुकाट्याने मान्य करणे, यात इतिहासाच्या विद्यार्थ्याची मोठी उणीव राहते. अशा विद्यार्थ्याने पाली वा प्राकृत हा दुय्यम विषय घेतल्यास तीन वर्षांत तो लेख स्वतः वाचण्याइतका तो तयार होऊ शकतो. अंतेवासी म्हणजे शिष्य, एवढे कोशात सापडते. पण कर्त्याने आपले नाव सांगताना गुरूचे नाव आधी का सांगितले, हा प्रश्न ज्याला मूळ शब्द वाचता येतात त्यालाच सुचण्याची शक्यता अधिक.

त्याच विद्यार्थ्याला लेण्यांऐवजी सतराव्या शतकाची ओढ असेल, तर जोड बदलते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगल सैन्यास उंबरखिंडीत कोंडीत पकडले, ते ठिकाण खालापूर तालुक्यात चावणीनजीक आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या फौजेला ती वाट का घ्यावी लागली आणि ती एकदा खिंडीत शिरल्यावर पाण्याची व परतीची अशी दोन्ही अडचण का झाली, हे बखरीपेक्षा समोच्च रेषांचा नकाशा अधिक स्पष्टपणे सांगतो. येथे भूगोल हाच योग्य दुय्यम विषय. मुख्य विषय एकच, स्थळेही जवळजवळची. तरी प्रश्न बदलला की दुय्यम विषय बदलला. म्हणूनच 'इतिहासाबरोबर काय घ्यावे?' या प्रश्नाला एकच ठराविक उत्तर देणारे तक्ते, जे प्रवेशाच्या वेळी वाटले जातात, ते फारसे उपयोगाचे नसतात.

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी कर्जतचे भातसंशोधन केंद्र हे घरच्या अंगणातील उदाहरण आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील या केंद्राने काढलेली अनेक वाणे 'कर्जत' या नावानेच ओळखली जातात. एक वाण दुसऱ्यापेक्षा अधिक उतारा देते असे म्हणण्यापूर्वी तेथे काय करावे लागते? दोन खाचरांतील उत्पन्नाचा फरक वाणामुळे पडला की मातीमुळे, पाण्यामुळे की बांधाच्या सावलीमुळे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तीच वाणे लहान लहान वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या क्रमाने, पुनःपुन्हा लावावी लागतात. एकाच वाणाच्या वाफ्यांत आपसात किती फरक पडतो ते आधी मोजावे लागते. आणि दोन वाणांमधील फरक त्या आपसातल्या फरकाच्या मानाने मोठा असेल तरच तो खरा धरावा लागतो. ही सारी रीत संख्याशास्त्राची. पेशी, ऊतक व वर्गीकरण उत्तम येणाऱ्या विद्यार्थ्याला हे येत नसेल, तर अशा केंद्रावर त्याचे काम वाफ्यांच्या पाट्या लिहिण्यापलीकडे जात नाही. अनेक विद्यार्थी वनस्पतिशास्त्राला प्राणिशास्त्राची जोड देतात, कारण ती ओळखीची वाटते. ती निरुपयोगी नाही. पण दोहोंची पाहण्याची रीत पुष्कळशी एकच असल्याने तीनशे तासांत हाती येते ती बहुधा अधिक माहितीच.

कातकरी समाजाचे उदाहरण थोडे वेगळ्या प्रकारचे आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणे या धंद्यावरून हे नाव पडले; ही जमात महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक आहे. कात कसा काढतात हे रसायनशास्त्र सांगते, खैर कोठे वाढतो हे वनस्पतिशास्त्र सांगते. जंगलावर सरकारी नियंत्रण आल्यावर हा धंदा करणाऱ्यांचे काय झाले हे इतिहासाला व समाजशास्त्राला विचारावे लागते. मराठीच्या विद्यार्थ्यासाठी या समाजाच्या व ठाकुरांच्या बोलीही अभ्यासविषय आहेत, आणि तेथे भाषाविज्ञान किंवा मानवशास्त्र ही जोड हवी. वाङ्मयाभ्यासात तरबेज असलेला विद्यार्थी बोलीतील शब्द गोळा करून आणतो, पण उच्चार कसा टिपावा हे त्याला माहीत नसते. आणि मग यादी तयार होते ती प्रमाण मराठीच्या कानाने ऐकलेल्या शब्दांची.

या सर्व उदाहरणांत चूक झाली तर एखादा निबंध कच्चा राहतो. पुढील उदाहरण तसे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकूर वाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा सत्तावन्न माणसांचा पत्ता लागलेला नव्हता. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि पायवाटेने चढून गेलेल्या माणसांनी हातांनीच माती उपसली. दरडप्रवण म्हणून नोंदविलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, हे विधिमंडळात सांगण्यात आले.

या घटनेचा अभ्यास कोणत्या विषयात करावयाचा? भूशास्त्राचा विद्यार्थी काळ्या बसाल्ट खडकावरील झिजलेल्या मातीचा थर, उताराचा कोन आणि काही दिवसांत पडलेला पाऊस यांचा संबंध लावील. परंतु वाडी तेथे का होती, जमिनीवर तिच्या रहिवाशांचा हक्क कोणत्या स्वरूपाचा होता, खाली येण्याने त्यांच्या वरकस शेतीचे व जंगलावर अवलंबून असलेल्या जगण्याचे काय झाले असते, आणि पूर्वी सूचना मिळूनही माणसे घर का सोडत नाहीत, हे त्याच्या साधनांनी कळत नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी हे प्रश्न विचारू शकतो. पण शेजारच्या दहा वाड्यांपैकी कोणत्या वाडीविषयी ते तातडीने विचारावयास हवेत, हे त्याला उताराकडे पाहून सांगता येत नाही. यादी करणाऱ्यांची मेख नेमकी येथे असते: उताराची यादी एका कचेरीत, माणसांची दुसऱ्या कचेरीत. समाजशास्त्र हा मुख्य विषय घेणाऱ्या खालापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने भूगोल वा भूशास्त्र दुय्यम म्हणून घेतले, तर ती भूशास्त्रज्ञ होणार नाही. तीनशे तासांत तसे होता येत नाही, आणि तसा आव आणणे धोक्याचेही आहे. पण घरामागे जमिनीला पडलेली नवी भेग, वाकलेली झाडे किंवा अचानक गढूळ झालेला झरा यांविषयी वाडीतील म्हातारे काय सांगतात ते टिपून ठेवावे, त्यातले कोणते ताबडतोब तज्ज्ञाकडे न्यावे आणि त्याला कोणत्या शब्दांत सांगावे, एवढे तिला निश्चित कळेल. मुख्य व दुय्यम यांचे नाते असे असावे: दुय्यम विषयात विद्यार्थ्याला अंतिम निर्णय देता आला नाही तरी चालेल, पण योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे.

खोपोलीच्या वीजगृहाचा उल्लेख थोडक्यात पुरे. टाटांचे हे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील, एरवी पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी अडवून ते सुमारे पाचशे मीटर खाली आणावयाचे व वीज झाल्यावर पाताळगंगेत सोडावयाचे, अशी त्याची योजना. पदार्थविज्ञानाला यात पाण्याची उंची व ऊर्जा दिसते. पूर्वेकडील दुष्काळी वर्षांत ते पाणी कोणाचे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा व राज्यशास्त्राचा. दोन्ही भाषा बोलणारा पदवीधर सहसा भेटत नाही.

दोन रीतींच्या संयोगाने काय साधते याचे मराठी विद्वत्तेतील ठळक उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे आहे. हार्वर्डमधून १९२९ साली पदवी घेतलेले कोसंबी व्यवसायाने गणिती. चांदीची आहत नाणी वापरात झिजतात, म्हणून नाण्यांच्या समूहाचे सरासरी वजन आणि त्या वजनातील विखुरणी यांवरून कोणता समूह अधिक काळ वापरात होता हे ठरविता येईल, असे त्यांनी ताडले. आणि प्रचंड संख्येने नाणी स्वतः तोलून पाहिली. नाण्यांवरील चिन्हांचा अर्थ लावण्यात गुंतलेल्या अभ्यासकांना हा मार्ग सुचला नव्हता, कारण तराजू हे आपले साधन आहे असे त्यांना वाटत नव्हते. पुढे पुण्याहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते डेक्कन क्वीनने येजा करीत. बोरघाट उतरून कर्जतवरून जाणारी ती वाट त्यांना नित्याची होती, आणि याच घाटवाटांच्या तोंडाशी असलेल्या लेण्यांचा व्यापारी मार्गांशी असलेला संबंध हाही त्यांच्या लेखनाचा एक विषय झाला. कोसंबींना कोणी दुय्यम विषय नेमून दिला नव्हता, आणि असामान्य बुद्धीच्या माणसाचे उदाहरण सर्वांना लागू करणे योग्यही नाही. त्यांच्या उदाहरणातून घ्यावयाचे ते इतकेच, की त्यांच्या दुसऱ्या विषयाने पहिल्याला नवा पुरावा मिळवून दिला.

आता व्यवहाराकडे वळले पाहिजे. कारण वरील सर्व जोड्या कागदावर शोभतात आणि वेळापत्रकावर अडतात. मोठ्या शहरातील महाविद्यालयात वीस विभाग असतात. तालुक्याच्या ठिकाणी त्याहून पुष्कळ कमी असतात, आणि त्यांतील काहींत एकच शिक्षक, तोही कित्येकदा तासिका तत्त्वावर. पाली, संख्याशास्त्र, भूशास्त्र, भाषाविज्ञान हे विषय तेथे सहसा नसतातच. परिणामी दुय्यम विषय विद्यार्थी निवडतो असे म्हणण्यापेक्षा, कोणत्या विभागाकडे कार्यभार कमी आहे यावरून तो त्याच्यापुढे येतो, असे म्हणणे अधिक खरे. विभागाचे अस्तित्व विद्यार्थिसंख्येवर टिकून असल्याने शिक्षकही आपल्या विषयाची शिफारस करताना पूर्णतः निःपक्ष राहू शकत नाहीत. यात दोष व्यक्तीचा नाही. पण सल्ला घेणाऱ्याने तो लक्षात ठेवावा. त्यात भर गाड्यांची. कर्जत–खोपोली ही शाखा एकमार्गी असून तीवरील गाड्या मोजक्या आहेत. दुय्यम विषयाचा तास गाडीच्या वेळेपलीकडे गेला की त्या विषयाची आवड आपोआप मावळते. वाडीवस्तीवरून चालत येऊन पुढे एस.टी. वा टमटम पकडणाऱ्यांची अडचण याहून मोठी.

यावर काही मार्ग नियमांतच आहेत, पण ते फारसे वापरले जात नाहीत. २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम 'स्वयम्'सारख्या दूरस्थ मंचावरून घेण्यास संस्था मुभा देऊ शकते, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये निरनिराळ्या संस्थांतून मिळविलेले श्रेयांक जमा राहतात. संख्याशास्त्राचा प्राथमिक भाग अशा रीतीने शिकता येईल. उच्चार टिपणे किंवा उतार वाचणे मात्र पडद्यावर शिकता येत नाही. त्यासाठी शेजारच्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन दोघांत मिळून एक शिक्षक, आठवड्यातून एक पूर्ण दिवस, अशी व्यवस्था करणे अधिक उपयोगी. कर्जत व खोपोली यांतील अंतर लोहमार्गाने जेमतेम पंधरा किलोमीटर आहे. आठवड्याचे पाच तास पाच दिवसांत विखरून ठेवण्याऐवजी एका दिवशी घेतले, तर गाडीची अडचणही निम्मी सुटते आणि क्षेत्रभेटीला सलग वेळ मिळतो. हा बदल करण्यास शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. वेळापत्रक समितीची एक बैठक लागते.

विषय उपलब्ध असूनही निवड चुकते, त्याची कारणे सर्वत्र सारखीच आहेत. गुण सहज मिळतात, मैत्रिणीने घेतला, टिपणे तयार आहेत. यांहून सूक्ष्म चूक म्हणजे मुख्य विषयाचीच सावली असलेला दुय्यम विषय घेणे: राज्यशास्त्राबरोबर लोकप्रशासन, वाणिज्याबरोबर व्यवस्थापन. अभ्यासाचे ओझे हलके होते आणि गुणपत्रिका सुसंगत दिसते. पण पुराव्याची रीत एकच राहते. उलट टोकाची चूकही होते. संगणकाचे नाव ज्यात आहे असा कोणताही विषय घेतला की भवितव्य सुरक्षित झाले, या समजुतीने मराठी वा इतिहासाचे विद्यार्थी अशा विषयाकडे वळतात, आणि त्याचा मुख्य विषयातील कोणत्याही प्रश्नाशी सांधा न जुळल्याने दोन्हीकडे अर्धवट राहतात. तोच विषय बोलीतील शब्दसंग्रहाची नीट सूची करण्यासाठी घेतला, तर चित्र पालटते. विज्ञानशाखेतील विद्यार्थ्याने मराठी दुय्यम म्हणून घ्यावी, ही सूचना बहुधा हसण्यावारी नेली जाते; वास्तविक भाताच्या वाणाविषयी शेतकऱ्यास समजेल असे दोन पानी पत्रक लिहिण्याची पाळी ज्याच्यावर आली आहे, त्याला त्या सूचनेचे मोल कळते.

आणखी एका गोष्टीचा विचार प्रथम वर्षातच व्हावयास हवा. संख्याशास्त्र, भाषाविज्ञान किंवा पाली यांसारखे विषय पायरीपायरीने चढतात. तिसऱ्या सत्रात मन पालटून ते धरता येत नाहीत. समाजशास्त्र किंवा इतिहास यांत उशिरा प्रवेश करणे तुलनेने सोपे असते. म्हणून शंका असेल तेव्हा पायऱ्यांचा विषय दुय्यम म्हणून आधी धरावा आणि ज्याला पायऱ्या कमी आहेत तो खुला वैकल्पिक म्हणून पुढे ढकलावा. मुख्य विषयाचे आकर्षण ओसरले, तर हाच दुय्यम विषय पुढील वाट ठरू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पदवीच्या मुख्य विषयात त्याचप्रमाणे दुय्यम विषयातही एम.ए. वा एम.एस्सी.साठी विद्यार्थी पात्र ठरतो. कर्जतच्या वाडीतून आलेल्या आणि घरातील पहिल्याच पदवीधर असलेल्या विद्यार्थ्याला हा नियम कोणी सांगितला आहे की नाही, यावर त्याची पुढील पाच वर्षे अवलंबून असतात. कारण मुख्य विषय बहुधा बारावीच्या गुणांनी ठरलेला असतो, आणि दुय्यम हीच त्याची पहिली स्वतंत्र निवड असते.

हा नियम पदव्युत्तर विभागांवरही एक जबाबदारी टाकतो, आणि तिची तयारी अद्याप फारशी दिसत नाही. संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ मध्ये प्रवेश घेतलेल्या पहिल्या तुकडीचे तिसरे वर्ष २०२६–२७ हे होय. त्यानंतर ज्यांनी विषय केवळ तीनशे तास शिकला आहे असे विद्यार्थी एम.ए.च्या वर्गात, तोच विषय त्याहून कितीतरी अधिक तास शिकलेल्यांच्या शेजारी बसतील. त्यांच्यासाठी पहिल्या सत्राच्या आरंभी सहा आठवड्यांचा पूरक वर्ग ठेवावयाचा की नाही, ठेवल्यास त्याला श्रेयांक द्यावयाचे की नाही, आणि प्रवेशपरीक्षेतील प्रश्न सिद्धांतांच्या नावांवर काढावयाचे की पुरावा हाताळण्यावर, हे अभ्यासमंडळांनी ठरवावयाचे आहे. कोंडाण्याच्या लेखाचा ठसा समोर ठेवून तो वाचावयास सांगणारा प्रश्न इतिहास हा मुख्य विषय घेतलेल्यास कदाचित अवघड जाईल आणि पाली दुय्यम घेतलेल्यास सोपा. दुय्यम विषयात इतिहास घेऊन आलेल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला उंबरखिंडीचा नकाशा दिला, तरी तोच अनुभव येईल.